चार जणींची टीम, १,८२० जुळण्या

केंद्र सरकारच्या रुग्णालयात नर्स आणि तिच्या टीमची प्रमुख यांच्या सुरुवातीच्या मूळ वेतनातला फरक २,७०० रुपयांचा आहे. नर्सिंग ऑफिसर सातव्या वेतन आयोगाच्या स्तर ७ वर, ४४,९०० रुपयांवर रुजू होते. बढती मिळून ती सीनियर नर्सिंग ऑफिसर, म्हणजे जुन्या नावाने सिस्टर, झाली की स्तर ८ वर जाते. तिथे सुरुवात ४७,६०० रुपयांपासून. महाराष्ट्राच्या सरकारी रुग्णालयांत हीच पायरी अधिपरिचारिका ते परिसेविका अशी आहे. टक्केवारीत फरक ६. म्हणजे चार-पाच जणींचे काम वाटून देणे, औषधांचा साठा सांभाळणे, डॉक्टरांच्या राउंडला उभे राहणे आणि चुकीबद्दल उत्तर देणे, या सगळ्याची किंमत व्यवस्थेने मूळ वेतनाच्या ६ टक्के ठरवली आहे.

प्रत्यक्षात ती बऱ्याचदा ० टक्के असते. एमएसीपी योजनेनुसार १० वर्षे बढती न मिळालेल्या केंद्रीय कर्मचाऱ्याला पुढचा वेतनस्तर मिळतो. त्यामुळे अकराव्या वर्षी जी नर्स सिस्टर झालेली नाही, तिलाही स्तर ८ चे वेतन मिळते. बाराव्या वर्षी ती खरोखर सिस्टर झाली, तर त्याच स्तरासाठी दुसऱ्यांदा वेतनवाढ मिळत नाही. जबाबदारी बाराव्या वर्षी येते, पैसे अकराव्या वर्षीच येऊन गेलेले असतात.

दक्षिण दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरात या हिशेबाची आणखी एक बाजू आहे. ही केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सरकारी घरांची वसाहत. एम्स आणि सफदरजंग ही देशातली दोन मोठी सरकारी रुग्णालये तिथून दोनेक किलोमीटरवर, अरविंद मार्गाच्या दोन बाजूंना समोरासमोर. अशा घरांच्या वाटपात स्तर ६, ७ आणि ८ हे तिन्ही टाइप-३ मध्ये मोडतात. टाइप-४ स्तर ९ पासून सुरू होते. सिस्टर झाल्याने घराचा टाइपही बदलत नाही.

‘टीम’ या रचनेबद्दल नर्सना काय वाटते, याचे उत्तर शोधताना सुरुवात इथून करावी लागते. रचना म्हणजे तक्त्यावरच्या चौकटी नव्हेत. रचना म्हणजे किती माणसे, किती वेळ, कोणाच्या हाताखाली आणि किती पैशांत.

रुग्णालयातली ‘टीम नर्सिंग’ ही पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली गेली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या एलेनॉर लॅम्बर्टसन यांचे त्यावरचे पुस्तक १९५३ चे. दुसऱ्या महायुद्धाने प्रशिक्षित नर्सचा तुटवडा निर्माण केला होता. तोडगा असा की एक प्रशिक्षित नर्स प्रमुख, तिच्या हाताखाली कमी शिकलेले मदतनीस, आणि या गटाकडे ठरावीक रुग्ण. त्याआधीची पद्धत कामाच्या वाटणीची होती: एकीने सगळ्या वॉर्डला इंजेक्शने द्यायची, दुसरीने सगळ्यांचे ड्रेसिंग करायचे, तिसरीने सगळ्यांचा ताप-नाडी-रक्तदाब घ्यायचा. सफदरजंगचा जन्मही त्याच युद्धातला. १९४२ मध्ये दोस्त सैन्यासाठी तळरुग्णालय म्हणून ते उभे राहिले आणि १९५४ मध्ये भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे आले. अमेरिकेत युद्धाने टीम नर्सिंग दिले, दिल्लीत इमारती दिल्या. भारतातल्या सरकारी वॉर्डांत माणसे कमी पडली की आजही जुनी पद्धतच परत येते, कारण ३६ जणांची इंजेक्शने एकीने ओळीने देणे हे चौघींनी नऊ-नऊ रुग्ण पूर्णपणे सांभाळण्यापेक्षा लवकर उरकते.

आता शिडी. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने १९९१-९२ मध्ये नर्सिंगच्या पदांचे निकष ठरवले. त्याआधी एका सिस्टरमागे ३.६ स्टाफ नर्स असे प्रमाण होते, आणि ते कोणत्याही वॉर्डातल्या कामाचे मोजमाप करून आलेले नव्हते. मे १९९० मध्ये दिल्ली नर्सेस युनियनशी झालेल्या तडजोडीतून आले होते. नव्या निकषाने एकूण पदांपैकी ३० टक्के पदे सिस्टरची ठेवली. हजार पदे धरली तर जुन्या प्रमाणाने सिस्टर २१७, नव्याने ३००. वाढ ३८ टक्के. त्याच्या वर ४.५ सिस्टरमागे एक सहायक नर्सिंग सुपरिंटेंडेंट, म्हणजे ६७. त्यांच्या ७.५ मागे एक डेप्युटी, म्हणजे ९. सुपरिंटेंडेंटचे पद २५० खाटांपासून, चीफ नर्सिंग ऑफिसरचे ५०० खाटांपासून.

या शिडीत २.३ नर्समागे एक सिस्टर बसते. प्रमुखांची वाण आहे असे कागद तरी म्हणत नाही. पण या प्रमाणाचे मूळ त्या तडजोडीत आहे, पाळीच्या गरजेत नाही, आणि त्याचा परिणाम वॉर्डात उतरल्यावर दिसतो.

३६ खाटांचा एक सर्वसाधारण वॉर्ड घेऊ. नर्सिंगवरच्या उच्चाधिकार समितीने १९८९ मध्ये सुचवलेले प्रमाण तीन खाटांमागे एक नर्स, म्हणजे दर पाळीला नऊ खाटांमागे एक, आणि वर ३० टक्के रजा राखीव. ३६ खाटांना १२ नर्स, पाळीला ४. राखीव धरून १५.६. वॉर्डाला तीस दिवसांच्या महिन्यात ९० पाळ्या चालवायच्या आहेत, प्रत्येकीत चार जणी, म्हणजे ३६० हजेऱ्या. नर्सला महिन्याला आठ दिवस ऑफ असतो, उरले २२. १५.६ गुणिले २२ बरोबर ३४३. एकीनेही रजा घेतली नाही, एकही आजारी पडली नाही, तरी महिन्याला १७ हजेऱ्या कमी पडतात.

स्टाफ इन्स्पेक्शन युनिटने हे ओळखले होते. त्याने राखीव प्रमाण ४५ टक्के केले. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ९६ ऑफ आणि ३ राष्ट्रीय सुट्ट्या वजा केल्या की २६६ उरतात. एक जागा वर्षभर भरलेली ठेवायला १.३७ माणसे लागतात, आणि उरलेले रजेसाठी. समितीच्या १२ नर्सना हे ४५ टक्के लावले तर पदे १७.४, महिन्याच्या हजेऱ्या ३८३, गरजेपेक्षा २३ जास्त. ही शिल्लक सर्वांत वाटली तर प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला १६ दिवसांची रजा येते. केंद्रीय कर्मचाऱ्याची अर्जित रजाच वर्षाला ३० दिवस आहे. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, प्रशिक्षण आणि निवडणूक ड्युटी या हिशेबात अजून आलेलेच नाहीत. आणि हे सगळे मंजूर पदे भरलेली आहेत असे मानून.

हजेरी कमी पडली की पाळीला चाराच्या जागी तीन येतात. नऊ रुग्णांचे बारा होतात; एकीमागे ३३ टक्के वाढ.

दुसरा आकडा टीमचाच आहे. समितीच्या हिशेबातल्या १६ जणींमधून चार निवडण्याच्या १,८२० पद्धती आहेत. वर्षाला पाळ्या १,०९५. ड्युटी सोडतीने लागली असती तर त्याच चौघी वर्षभरात सरासरी एकदाही एकत्र येणार नाहीत. दोघींपुरते पाहिले तर महिन्याच्या २२ पाळ्यांपैकी एखाद्या ठरावीक सहकारिणीबरोबर सरासरी ४.४ पाळ्या येतात. खरी ड्युटी अर्थातच सोडतीने लागत नाही. कोणाची मुले लहान, कोणाला नाइट लागोपाठ उरकून गावी जायचे असते, आणि या अदलाबदलीतून जोड्या जुळतात. पण त्या जोड्या नर्सनी आपसांत जुळवलेल्या असतात. प्रशासनाच्या तक्त्यात टीम म्हणून वॉर्ड असतो. पाळीवरच्या चार जणी हा वेगळा गट आहे आणि त्याची नोंद ड्युटीच्या कागदापलीकडे कुठेच नाही.

पाळीच्या या गटाला प्रमुख असते का? बहुतेक वॉर्डांत इन्चार्ज सिस्टर एक असते आणि ती सकाळी असते. आठवड्याचे तास १६८. तिचे कामाचे तास ४० धरले तर २४ टक्के. उरलेले १२८ तास वॉर्ड तिच्याविना चालतो. दिल्लीतल्या अनेक सरकारी रुग्णालयांत सकाळ सहा, दुपार सहा आणि रात्र बारा तासांची. म्हणजे सर्वांत लांब पाळीत इन्चार्ज नसते. रात्री जी सेवेत जुनी ती प्रमुख, असा अलिखित नियम. तिला त्याचा भत्ता नाही, आदेश नाही, पण सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवताना, रात्री काय घडले याचे उत्तर तिलाच द्यावे लागते.

गणित मात्र वेगळे सांगते. १७.४ पदांच्या ३० टक्के म्हणजे ५.२ सिस्टर. त्यांच्या महिन्याच्या हजेऱ्या ११५, पाळ्या ९०. प्रत्येक पाळीला, रात्रीसुद्धा, एक सिस्टर प्रमुख म्हणून बसू शकते आणि वर २५ हजेऱ्या उरतात. १९९१-९२ चा निकष पूर्ण भरला तर पाळीच्या टीमला प्रमुख देण्यासाठी एकही नवे पद लागत नाही. लागतो तो एक आदेश, की सिस्टर हे पद आहे तसे पाळीचे कामही आहे. तीस वर्षांपेक्षा जास्त काळ पद वेतनस्तर म्हणून मोजले गेले, त्यामुळे पाळी या शब्दाशी त्याची गाठ पडली नाही.

खर्चाच्या बाजूने पाहिले तर प्रशासनाची पसंती समजते. राखीव ३० वरून ४५ टक्के करायला या एका वॉर्डात १.८ पदे जास्त लागतात. सुरुवातीच्या मूळ वेतनाने महिना ८०,८२० रुपये. पाचही सिस्टरचा वरचा वेतनस्तर मिळून महिना १३,५०० रुपये. गेल्या दशकात केंद्राने स्टाफ नर्सचे नाव नर्सिंग ऑफिसर आणि सिस्टरचे सीनियर नर्सिंग ऑफिसर केले. त्याचा खर्च शून्य. तिन्हींपैकी नावाचा बदल पूर्ण झाला आहे.

नर्सना काय वाटते, हे मोजण्याचे एक साधन अमेरिकेत तयार झाले. बिअॅट्रिस कॅलिश आणि सहकाऱ्यांची ३३ प्रश्नांची प्रश्नावली टीमवर्कचे पाच भाग पाडते: विश्वास, गटाची बांधिलकी, एकमेकींच्या कामाला हात लावणे, कामाची समान समज आणि नेतृत्व. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ४ रुग्णालयांच्या ५० वॉर्डांतले २,२१६ नर्सिंग कर्मचारी होते. वॉर्डावॉर्डांत राहून जाणाऱ्या कामांमध्ये, म्हणजे न बदललेली कूस, न दिलेले वेळेवरचे औषध, न समजावलेला डिस्चार्ज यांमध्ये, जो फरक होता त्यातला सुमारे ११ टक्के एकट्या टीमवर्कने समजावता आला. ११ टक्के दोन्हीकडून वाचावेत. टीमवर्क मोजता येते आणि त्याचा रुग्णाला फरक पडतो, ही एक बाजू. उरलेले ८९ टक्के दुसऱ्या कारणांचे आहेत, ही दुसरी. आणि टीम-बांधणीच्या कार्यशाळा भरवणारे ती सहसा सांगत नाहीत.

त्या कारणांपैकी एक लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अभ्यासात आहे. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालये, १०,१८४ नर्स, २,३२,३४२ शस्त्रक्रियेचे रुग्ण. नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी, नर्सच्या थकून जाण्याची २३ टक्क्यांनी आणि नोकरीबद्दलच्या असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. तिथे चर्चा चार रुग्ण की आठ, अशी होती. आपला निकषच नऊपासून सुरू होतो, त्यामुळे ७ टक्के उचलून इथे लावता येणार नाहीत. दिशा मात्र लावता येते: एकमेकींच्या कामाला हात लावायचा तर एकीचा हात मोकळा असावा लागतो.

भारतातल्या नर्सचे मत प्रश्नावलीपेक्षा मागणीपत्रांत जास्त स्पष्ट आहे. १४ डिसेंबर २०२० रोजी एम्सच्या सुमारे ५,००० नर्स संपावर गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दुसऱ्या दिवशी संप मिटला. मागण्या २३. पुढे आलेल्या मागण्या अशा: सहाव्या वेतन आयोगातली सुरुवातीच्या वेतनाची विसंगती, कंत्राटी भरती नको, आणि भरतीतली ८० टक्के महिला व २० टक्के पुरुष ही विभागणी रद्द करा. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी पीपीई किट घालून करायची पाळी चार तासांची मागितली होती. २०२२ च्या मे-जूनमध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी नर्सनी खासगी एजन्सीमार्फत भरतीविरुद्ध संप केला. या यादीत ‘टीम’ हा शब्द नाही, पण तीन मागण्या टीमच्याच आहेत. चार तासांची पाळी म्हणजे त्याच वॉर्डाला जास्त माणसे. कंत्राटी भरतीला विरोध म्हणजे बढतीच्या शिडीवर नसलेली सहकारिणी नको, जिला शिकवायचे आणि जी अकराव्या महिन्यात निघून जायची. ८०-२० ला विरोध म्हणजे टीममध्ये कोण असेल, याचा प्रश्न.

टीम हा शब्द सरकारी रुग्णालयात आधीच वापरात आहे, फक्त तो डॉक्टरांचा आहे. त्यांच्याकडे त्याला युनिट म्हणतात: प्राध्यापक, त्यांच्याखाली सहायक, मग सीनियर आणि ज्युनियर रेसिडेंट. रुग्ण युनिटचा असतो. वॉर्ड बदलला तरी युनिट बदलत नाही. नर्सची टीम खाटांना बांधलेली. एका वॉर्डात तीन युनिटचे रुग्ण असले तर सकाळी तीन राउंड होतात, तीन पद्धतींच्या सूचना येतात, आणि नऊ रुग्ण सांभाळणारी नर्स एकाच वेळी तीन टीमची सदस्य असते, पण एकीच्याही बैठकीत नसते. तिचे उत्तरदायित्व पाच पायऱ्या चढून मेडिकल सुपरिंटेंडेंटपर्यंत जाते आणि तिथे पुन्हा डॉक्टर भेटतो. दोन टीमची सीमा जिथे जुळायला हवी तिथे नर्सला रेसिडेंटचा फोन नंबर शोधावा लागतो. नर्सची टीम बदलून हा प्रश्न सुटत नाही. खाटांची वाटणी युनिटनुसार करावी लागते, आणि तो अधिकार नर्सिंग विभागाकडे नाही.

आतापर्यंतचे सगळे आकडे सांगतात की बदलत्या पाळीत टीम टिकणे अवघड. मुंबईच्या केईएम रुग्णालयातला एक आकडा याच्या उलट आहे. तिथल्या नर्स अरुणा शानबाग २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे १५,१४७ दिवस, रुग्णालयातच होत्या. दिवसाला तीन पाळ्या धरल्या तर ४५,००० हून अधिक वेळा एका गटाने दुसऱ्याला ओव्हर दिला. नर्सच्या कितीतरी पिढ्या निवृत्त झाल्या. त्यांच्या इच्छामरणाच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निकालात नोंद आहे की इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर झाला नाही. त्याच निकालाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्त्यांचा न मानता केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. काळजी घेणाऱ्या एका गटाला, ज्याचे सदस्य दर पाळीला बदलत होते, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक पक्ष म्हणून ओळखले. त्या गटाची रचना कोणत्याही निकषात बसणारी नव्हती. एक खाट होती, कामाची यादी ठरलेली होती, आणि रुग्ण त्यांच्यातली होती. यातले तिसरे कारण इतर वॉर्डांना देता येत नाही. पहिली दोन देता येतात. ठरावीक खाटा ठरावीक नर्सकडे आणि ओव्हरचा लिखित, एकसारखा नमुना, या दोन्हीला पद लागत नाही.

हे सगळे मोठ्या सरकारी रुग्णालयाचे आकडे आहेत, जिथे टीम करायला निदान माणसे मोजता येतात. खासगीत आकडे लवकर लहान होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जानेवारी २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्रीय समितीने खासगी नर्सच्या वेतनाची शिफारस खाटांच्या संख्येवर बांधली: २०० हून अधिक खाटांना राज्य सरकारच्या बरोबरीने, १०० च्या वर असल्यास फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, आणि ५० खाटांच्या खाली किमान २०,००० रुपये. त्याच वर्षी लागू झालेल्या केंद्राच्या स्तर ७ च्या मूळ वेतनाशी तुलना केली तर ही शेवटची रक्कम ४५ टक्के भरते. शिफारस अमलात आणणे राज्यांवर सोडलेले आहे.

अशा ५० खाटांच्या आतल्या, समजा २० खाटांच्या रुग्णालयाला नऊला एक हाच निकष लावला तर पाळीला २.२ नर्स येतात, म्हणजे दोन. त्यांतली एक प्रमुख धरली तर टीममध्ये एक उरते, आणि तिचा ऑफ आठवड्यातून दोनदा येतो.